परांची समजलेला टेकू

वर्गात पडद्यावर तो फोटो आला आणि मी वहीतून मान वर केली. फ्रान्समधलं कुठलंसं जुनं दगडी चर्च. मी ते आधी पाहिलं होतं. नुसतं पाहिलं नव्हतं, आबांना दाखवलं होतं.

आबा म्हणजे माझे वडील, गवंडी. चिंचपाड्याच्या पुढं, डोंगरातल्या एका वस्तीचं चर्च त्यांनी बांधायला घेतलेलं. लोकांना टोकदार कमान हवी होती. मी तेव्हा लोणखेड्याला चित्रकलेच्या कोर्सला नुकतीच लागलेली, म्हणजे घरातली मोठी शहाणी! मोबाइलवर फोटो शोधून दिले. आबांनी बोटानं फोटो मोठा केला. भिंतीच्या बाहेरून तिरक्या कमानी वर टेकलेल्या दिसत होत्या.

"हाई काय शे? परांची काढानी रही गई का?"

मला डोंबल ठाऊक होतं! पण तसं म्हणायची लाज वाटली. मी म्हटलं, "हो आबा, परांचीच. काम चालू असेल."

आणि आता सर सांगत होते, "हे बाहेरचे टेकू. कमान भिंतीला बाहेर ढकलते, हे तिला धरून ठेवतात. हे नसतील तर सगळं खाली येईल. परीक्षेत ओळखता आलं पाहिजे."

परीक्षा गेली खड्ड्यात. आबांच्या भिंतीला बाहेरून एकही टेकू नव्हता. आबा त्याच दुपारी कमानीखालचं लाकडी आधाराचं सेंटरिंग काढणार होते. त्यात त्यांचा एक हट्ट, की आपण बांधलेल्या कमानीचं सेंटरिंग निघताना आपणच तिच्याखाली उभं राहायचं. मजुरांना धीर येतो म्हणे.

फोन लावला तर रेंज नाही. दप्तर तिथंच टाकून स्टँड गाठला. एसटी नंदुरबारला थांबली, मग विसरवाडीला थांबली. ड्रायव्हर चहा प्यायला उतरला तेव्हा मला ओरडावंसं वाटलं. प्रत्येक वेळी फोनवर तीच बाई तेच सांगायची, आणि मला आईचा चेहरा दिसायचा. तिला काय सांगणार होते मी? मीच हो म्हटलं म्हणून?

चिंचपाड्याहून रिक्षा केली. वस्तीच्या अलीकडंच हातोड्याचे ठोके ऐकू आले. धावत आत गेले. दोन मजूर पाचरा ठोकून काढत होते, अर्ध्या निघाल्याही होत्या. आबा कमानीच्या बरोब्बर खाली, कमरेवर हात ठेवून वर बघत उभे.

"आबा, बाहेर निंघा!" माझा आवाजच फाटला.

ते दचकून बाहेर आले. मी त्यांना ओढतच भिंतीच्या मागच्या अंगाला नेलं. कमान जिथं टेकली होती तिथं नव्या प्लास्टरला नख जाईल एवढी भेग पडलेली. आबांनी तिच्यात खरंच नख घालून पाहिलं. मग मजुरांना म्हणाले, पाचरा परत ठोका.

मी रडत रडत सगळं सांगितलं. थोबाडीत बसेल असं वाटलं. बसली असती तर बरं झालं असतं. आबांनी फक्त मोबाइल मागितला, तोच फोटो उघडायला लावला आणि बोटानं पुन्हा मोठा केला.

"मन्हा मनमा उनं व्हतं," ते म्हणाले, "परांची दगडनी कशी ऱ्हाई? पन तू शिकेल शे. तू हां म्हनी."