ट्रॉलीतला ऊस

सातारा ते सांगली कच्च्या रस्त्यांनी सायकल शर्यत होती आणि निव्वळ हौसेपायी मी पन्नाशीत तिच्यात उतरलो होतो. इस्लामपूरच्या अलीकडे चक्क पहिला होतो. तेवढ्यात पुढं उसाची ट्रॉली आली आणि शाळेपासूनच्या सवयीनं हात आपोआप गेला. ऊस निघाला, तोल गेला आणि मी उसासकट पाटात.

मागचे दोघं आमच्याच भागातले. ते पुढं निघून जायचं सोडून थांबले. "लागलं न्हाई न्हवं?" एवढं विचारून एकानं ऊस गुडघ्यावर मोडला. आम्ही बांधावर बसून खाताना पुण्याचा एकजण पुढं गेला. हाक मारली तरी थांबला नाही.

सांगलीत तो पदक घालूनच आमच्याकडं आला. हळूच म्हणाला, "एखादं कांडं उरलंय का हो?"