खळ्यावरचा दुसरा ठोका

लिहावं की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता... अजूनही नाही, असंच मी हॉस्टेलवर सांगतो.

आमचं गाव उरवडे, तालुका मुळशी. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. थोरला दादा फौजेत, उत्तरेच्या सीमेवर. बासष्टच्या उन्हाळ्यात तो रजेवर आला तेव्हा म्हणाला, "समोर त्यांची चौकी हाय. आधी नुसते तंबू होते, आता खंदक खणलेत. मग आमीबी खणले. सकाळी त्यांच्या चुलीचा धूर आमाला दिसतो, आमचा त्यांना."

मी पेपर वाचून वडिलांना सांगितलं, "आबा, बोलणी चालू आहेत. युद्ध होणार नाही."

आबा म्हणाले, "लेका, बांधावर दोन्ही अंगानं माणसं काठ्या घिऊन हुबी ऱ्हायली, की पयला दगड कुनी मारला ह्याला काय अर्थ?"

पावसाळाभर दोन्हीकडे सैन्य वाढत गेलं. दसऱ्यानंतर युद्ध पेटलं. दादाची पत्रं थांबली.

दिवाळीच्या सुट्टीत मी भात झोडायला घरी आलो. आमच्याकडे फळीच्या दोन बाजूंना दोघं समोरासमोर उभे राहतात. एकाची पेंढी फळीवर आपटते, तेव्हा दुसऱ्याची वर गेलेली असते. माझ्यासमोर नेहमी दादा असायचा. आणि रास मोजून होईपर्यंत खळ्यावर बोलायचं नाही, ही जुनी रीत. आबा तापानं पडले होते, म्हणून त्या दुपारी मी एकटाच होतो. एकट्याचा ठोका फार भकास वाटतो...

थोड्या वेळानं माझ्या दोन ठोक्यांच्या मधे आणखी एक ठोका पडू लागला. डोंगराचा प्रतिध्वनी असेल म्हणून मी मुद्दाम थांबलो. तरी पुढचा ठोका पडला — आणि मग तोही थांबला, जणू माझी वाट बघत. समोर कुणी नव्हतं. भीती वाटायला हवी होती, पण वाटली नाही. तोंड घट्ट मिटून मी पुन्हा पेंढी उचलली.

तेवढ्यात वहिनी, दादाची बायको, भाकरी घेऊन आली. ओढ्यापासूनच तिला दोघांचे ठोके ऐकू आले होते. धापा टाकतच ओरडली, "आला व्हय तुमी? कळवायचं तरी!"

ठोका थांबला.

"भावजी, कुटं गेलं ते?"

"कुणी नव्हतं, वहिनी. मी एकटाच आहे."

"मग ह्या कुनी झोडल्या?"

फळीपलीकडे झोडलेल्या पेंढ्या पडल्या होत्या. मी त्या बाजूला गेलोच नव्हतो.

"बनवू नका मला. लपलं असतील. खोड्याच लई त्यांच्या." हसत हसत ती पेंढ्याच्या गंजीमागे बघून आली. मग बांधावर बसली, ती संध्याकाळपर्यंत.

पुढे तार आली — बेपत्ता. युद्ध थांबलं. पकडलेले जवान सुटून आले, त्यांत दादा नव्हता. आता भावकी म्हणते, त्याचे दिवस घालून मोकळे व्हा. वहिनी ऐकत नाही. "भावजींना इचारा. रीत मी मोडली, न्हाईतर रास मोजूस्तवर ते थांबले असते."

आबा मला बाजूला घेऊन विचारतात, "तू शिकलेला हायेस. खरं सांग, जिता हाय का त्यो?"

मेलेला माणूस असा येतो, की जिवंत माणसाला घराची इतकी ओढ लागते? मला खरंच कळत नाही... मी गप्प राहतो. आणि दाराआड उभी असलेली वहिनी त्या गप्प राहण्याचा अर्थ 'होय' असा घेते.