इंजिनात पडलेला वायसर

आमच्या गाडीत इंजिन ऑइल जिथून ओततात ते तोंड प्लास्टिकचं होतं, आणि त्याला तडा गेला होता. झाकण कितीही आवळलं तरी घट्ट बसायचं नाही. सोनाळ्याहून खामगावला जाऊन येईस्तोवर इंजिनावर तेलाचा थर साचायचा आणि त्यावर रस्त्याची धूळ. गाडी इतकी जुनी, की तो भाग आता कुठे मिळत नाही. मी म्हटलं, विकून टाकू. बाबा म्हणाले, तोंड बदलू.

बाबांची सगळी नोकरी बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये गेली. निवृत्तीनंतरही गावातल्या जीपा आणि पाण्याच्या मोटारी त्यांच्याकडे यायच्या. दोनेक वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरू लागला. कप बशीवर वाजू लागला तसे ते स्टीलच्या पेल्यात चहा घेऊ लागले. कपातला चहा पुरत नाही, असं कारण सांगायचे. आम्ही कोणी हाताचा विषय काढत नसू. त्यांनीच एकदा हत्यारांच्या पेटीतले पाने पुसता पुसता मला सांगितलं होतं, "ज्या दिवशी माह्या हातून इंजिनात काही पडलं, त्या दिवशी पेटीले कुलूप." मी त्यांना ओळखते. ते लावलं असतं त्यांनी.

खामगावात जिनिंगच्या यंत्रांचे सुटे भाग बनवणारा एक लेथवाला आहे. बाबांनी त्याला तुटलेल्या तोंडाचं माप दिलं आणि ॲल्युमिनियमचं नवं करून घेतलं. बूड थोडं जाड ठेवायला सांगितलं आणि झाकणाखाली रबरी कडं बसेल अशी खाच पाडून घेतली. घरी आल्यावर ते नवं तोंड दोन दिवस खिडकीत ठेवलं होतं. येता-जाता ते त्यावरून बोट फिरवायचे.

रविवारी सकाळी बॉनेट उघडलं. बाबांची एक पद्धत आहे. आधी पांढरं कापड अंथरायचं, म्हणजे आई बुद्धविहारात जाताना नेसायची त्या जुन्या साडीचा तुकडा. निघेल तो भाग निघाल्या क्रमाने त्यावर मांडायचा आणि मोजायचा. जुनं तोंड काढलं की उघड्या भोकात लगेच स्वच्छ फडकं कोंबायचं. एवढ्याशा कामाला इतकं सोवळं कशाला, असं मला वाटायचं, आणि मी ते बोलूनही दाखवायचे. मी शाळेत शिकवते, त्यामुळे न विचारता मत द्यायची सवय आहे.

त्या दिवशी मात्र मी मुकाट होते, कारण पाना माझ्या हातात होता. बाबा सांगत होते आणि मी करत होते. दोन बोल्ट काढले, जुनं तोंड उचललं, फडकं कोंबलं, जागा खरवडून साफ केली. मग फडकं काढून नवं तोंड ठेवलं आणि एक बोल्ट, खाली वायसरची चकती घालून, सैलसर लावला. दुसऱ्या बाजूची भोकं जुळेनात म्हणून तोंड जरा उचलून धरलं. खाली बोटभर फट राहिली. बाबांनी दुसरा वायसर चिमटीत धरून माझ्याकडे केला. मी हात पुढे केला. माझी बोटं मिटायच्या आधीच त्यांचा हात हलला.

आत कुठेतरी बारीक टक् असा आवाज झाला.

बाबांनी कापडाकडे पाहिलं, मग आपल्या रिकाम्या चिमटीकडे. त्यांचा चेहरा असा उतरला की मला पाहवेना.

"कोणाच्या हातून पडला?" त्यांनी विचारलं.

"माह्या," मी म्हणाले. "घेतला होता मी, सटकला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मुलांची खोटी कारणं मी रोज ऐकते, चेहऱ्यावरून ओळखते. माझा चेहरा त्या क्षणी कसा दिसत होता कोण जाणे. मग ते कडाडले, "ध्यान कुठी राह्यते तुह्यं?" डेपोतल्या पोरांना झापायचा तोच आवाज होता. कित्येक महिन्यांत तो ऐकला नव्हता. खूप बरं वाटलं मला.

गाडी सुरू करायचा प्रश्नच नव्हता. इंजिनाच्या माथ्यावरचं टॅपेटचं अख्खं झाकण खोलावं लागलं. बोल्ट निघत होते तसे कापडावर रांगेत बसत होते, आणि मी दुपारपर्यंत बोलणी खात होते. शेवटी वायसर दिसला, काळ्या तेलात एका कोपऱ्यात पडलेला. बाबांनी तारेला चुंबक बांधून दिलं आणि मी तो वर काढला. सगळं परत बसवून गाडी सुरू केली तेव्हा नव्या तोंडाशी तेलाचा थेंबही नव्हता. पाने पुसून पेटीत गेले. पेटीचं झाकण लागलं, कडीही लागली. कुलूप शेजारीच पडलं होतं. बाबांनी ते उचललं, हातात तोललं आणि फळीवर ठेवून दिलं.

पुढच्या रविवारी ते ओसरीवर वायसरांचा डबा घेऊन बसले होते. एकेका वायसराला लाल दोरा ओवत होते. दोऱ्याचं टोक धरून ठेवायचं, बोल्ट दोन आटे बसला की दोरा कापायचा, म्हणजे काही आत पडत नाही, असं त्यांनी मला समजावलं. दोरा भोकातून जाईना. तिसऱ्यांदा चुकला, चौथ्यांदाही. मी शेजारी बसले आणि हात मांडीखाली दाबून धरले.

"तुह्यासाठी करून राह्यलो," वर न बघता ते म्हणाले. "तुह्या हातून सटकते."

"हो बाबा," मी म्हणाले, "माह्या हातून सटकते."