धबधब्याची पैज

आमच्या घरात मीच जास्त बोलते, असं सगळ्यांचं म्हणणं आहे, आणि ते खरं आहे. पण ही पैज ह्यांनी लावली होती, मी नाही. हे आधीच सांगून ठेवते.

वडपे गावात हायवेला लागून जिथं आमची शेती होती तिथं आता गोदामं आहेत. भाडं येऊ लागलं, घर तीन मजली झालं, दारात गाडी आली आणि माझं पायी चालणं संपलं. घरामागचं ओढ्याकाठचं एक शेत तेवढं उरलं होतं. पावसाच्या तोंडावर मी हट्टानं त्याच्या कोपऱ्यात भाताचं रोप टाकलं. ते वीतभर झालं आणि नेमकी तेव्हाच गोदामासाठी जागा शोधणारी एक पार्टी ह्यांच्याकडे येऊन बसली. मुरुमाचा भराव घालायचा, वर शेड ठोकायची. हे हो म्हणायच्या बेतात होते.

"आनि आवनी?" मी विचारलं. आवणी म्हणजे रोप उपटून चिखलात लावायचं काम.

"कोन करनार? तू?" हे हसले. "दोन जिने चढलीस का धापा टाकतेस. चिखलात उतरलीस तर काढायला क्रेन आनावी लागंल."

सून हसली. दारात रानभाजीची पाटी घेऊन बसलेली बायही हसली. बाय डोंगरातल्या पाड्यावरची, माझ्याच वयाची. पूर्वी ती दरवर्षी आमच्याकडे आवणीला यायची आणि वाकल्या वाकल्या तिच्या पाड्यामागच्या जंगलातल्या धबधब्याचं वर्णन करायची. तीस वर्षं मी ते ऐकत आले होते. गेले मात्र कधीच नव्हते.

ह्यांना आणखी चेव आला. "हिच्या पाड्यावरून त्या धबधब्यापर्यंत चालत जाऊन चालत परत ये. एक गुंठा देनार न्हाय मी कुनाला."

बायसमोर बोलले, सुनेसमोर बोलले. पार्टीला पंधरा दिवसांत उत्तर द्यायचं होतं. तेवढीच मला मुदत.

सून नारपोलीची. तिच्या वडिलांचे कापडाचे लूम, त्यामुळे शिफ्टच्या गणितातच वाढलेली. ती लगेच कागद घेऊन बसली. "रविवार नको, गोदामांना सुट्टी. सगळी पोरं बाटल्या घेऊन डोंगरात येतात. शुक्रवारी लूम बंद, म्हणजे आमच्याकडची गर्दी." सोमवार, गुरुवार, शनिवार मी खोडले. त्या दिवशी आमच्यात सुकी-ओली मासळी खात नाहीत आणि सुक्या बोंबलाच्या चटणीशिवाय मी डोंगर चढणार नव्हते. मंगळवार देवीचा. उरला बुधवार.

पहाटे पाचला निघायचं, साडेसहाला पाडा, दहाला धबधबा. अकराला परत फिरायचं, काही झालं तरी, ही बायची अट. दुपारी पाऊस वाढला की वाटेतला ओहोळ चढतो. "पानी लाल दिसला का फुडं जायचा न्हाय, वयनी," तिनं बजावलं. पाड्यावर रेंज नाही, मागच्या टेकडावरच्या पाण्याच्या टाकीजवळ गेलं तरच फोन लागतो, हेही सुनेनं लिहून घेतलं.

खाण्याचं खातं माझं. तांदळाच्या भाकऱ्या, चटणी, अंडी आणि चिंबोऱ्यांच्या कालवणाचा मोठा डबा. सुनेनं पिशवी उचलून बघितली. "आई, हे जेवण आहे की टेम्पोचा माल?" शेवटी भाकऱ्या आणि चटणी राहिली. कालवणाचा डबा बाहेर काढताना मी तिला बरंच काही ऐकवलं.

प्रश्न होता सरावाचा. हायवेवर ट्रेलर माणसाला चालायला जागा ठेवत नाहीत. पण आमचं एक गोदाम रिकामं पडलं होतं, भाडेकरू नुकताच गेला होता. मी नवे स्पोर्ट शूज घेतले आणि रोज सकाळी तिथं फेऱ्या मारू लागले. वॉचमन शटरवर खडूनं रेघा ओढायचा. पहिल्या दिवशी चार झाल्या आणि तो म्हणाला, "अम्मा, बैठ जाइए." शेवटच्या दिवशी चाळीस झाल्या. "अम्मा, बस करो, अब मुझे चक्कर आ रहा है." हे एकदा येऊन त्या रेघा बघून गेले. मी अशी फुशारले की विचारू नका.

बुधवारी गाडी ह्यांनीच चालवली. "साक्षीदार पायजे ना." पाड्यावर बायच्या अंगणातल्या खाटेवर ते ऐसपैस बसले आणि आम्ही तिघी निघालो.

पहिला तास मी तोऱ्यात चालले. मग चढ लागला आणि माझा मूर्खपणा माझ्या लक्षात आला. सगळी तयारी मी गोदामाच्या सपाट, गुळगुळीत जमिनीवर केली होती! तिथं चढ नाही, शेवाळ नाही, चिखलाचा थेंब नाही. ते भारी बूट ओल्या मातीवर साबणासारखे सटकत होते. मी पडले. पुन्हा पडले. तिसऱ्यांदा पडले ती तशीच बसून राहिले. साडेनऊ झाले होते.

"आई, फिरू या का मागे?" सून हळूच म्हणाली.

धबधब्याचा आवाज वरून येत होता, आणि मला मात्र दिसत होतं आमचं शेत, त्यावर ओतलेला मुरूम, त्याखाली गेलेलं माझं रोप. मला रडू आलं. लपवण्यात अर्थ नाही, चांगलं हुंदके देऊन रडले.

बाय कमरेवर हात ठेवून बघत होती. "वयनी, ह्ये पायात काय घातलंस? आवनीला कधी बूट घालून उतरलीवतीस?"

मी बूट काढले. बोटं मातीत रोवली. आधी बोटं, मग टाच. पाय उपसताना आधी टाच सोडवायची. बारा वर्षं मी चिखलात पाय घातला नव्हता, पण पाय काही विसरले नव्हते. त्या चढावर मी बायच्याही पुढे गेले. बूटवाल्या सुनेला वरून हात देऊन ओढलं, आणि ते ओढताना मला जे बरं वाटलं ते कुठल्याच गाडीत बसून वाटलं नव्हतं.

धबधबा बायनं सांगितला होता तेवढा उंच नव्हता. दोन कातळांच्या मधून पडणारं पांढरंशुभ्र पाणी, खाली कमरेइतका डोह, आणि आमच्याशिवाय चिटपाखरूही नाही. मी कपड्यांसकट त्या धारेखाली उभी राहिले आणि जोरजोरात ओरडले. काय ओरडले ते इथं लिहिण्यासारखं नाही. सुनेनं फोटो काढले आणि अकरा वाजताच आम्ही परत फिरलो.

दोनच्या सुमारास पाड्यावर पोचलो. मी गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेली, बूट गळ्यात लटकवलेले. हे खाटेवरून उठले. फोटो बघितलेच नाहीत, माझ्या पायांकडेच बघत राहिले.

"सगळी वाट चालली?" त्यांनी बायला विचारलं.

"माझ्या फुडं."

ह्यांनी खिशातून फोन काढला. रेंज नव्हती. मग ते टाकीच्या वाटेला लागले. टेकड ते केवढंसं, पण आमच्या मालकांना वर पोचेपर्यंत दोनदा बसावं लागलं. आम्ही तिघी खाली भाकरी-चटणी खात बघत होतो. खाली आले ते घामानं निथळत, धापा टाकत.

"सांगितलं पार्टीला."

"काय सांगितलंत?"

"जागा न्हाय म्हनून. आवनी हाय."

बायनं हात धुतले आणि कामाचं विचारलं, "किती मानसं लागतील, वयनी?"

"तू ये. मी हाय," मी म्हटलं. "आनि हे हायेत."

ह्यांनी आपल्या पायातल्या पांढऱ्या बुटांकडे बघितलं.

"ते घरी ठेवून या," मी सांगितलं.