सडक्या कूलरचा तळ

सिंदीच्या बाजारात एक कूलर बनवणारा आहे. बोलताना तो माणसाकडे पाहत नाही, पान्याकडे पाहतो. माझ्या कूलरचा तळ सडला, म्हणून तो त्याच्याकडेच भंगारात देऊन नवा घ्यायला गेले, तर हा विकायलाच तयार नाही! मी थक्क झाले.

"मावशी, नवा काऊन घेता? मी वेल्डिंग नाई मारत, नटबोल्ट लावतो. सडलं तेवढंच बदलाचं."

"येडा झाला का? दुकान बसन तुह्यं!"

त्याने चार बोल्ट काढले, सडका तळ बाजूला फेकला, नवा बसवला. माझ्यामागची बाई दुसऱ्या दुकानात निघाली होती, ती थांबली.

"भाऊ, मले असेच नटबोल्टचे दोन कूलर द्या."

माझ्या सडक्या कूलरवर त्याने दोन नवे विकले!