सातबाऱ्यावरचं जंगल

ताडोबाच्या दारात राहून आम्ही आफ्रिकेतलं जंगल बघायला निघालो, म्हटल्यावर शेजारपाजाऱ्यांनी ‘काखेत कळसा नि गावाला वळसा’ म्हणून घेतलं. मी वाद घातला नाही. एरवी मी कोथिंबिरीच्या जुडीवरूनही भांडते, पण त्या उन्हाळ्यात मी जरा हवेतच होते. दुपारी खिडक्यांवर ओल्या चादरी टाकायच्या, कूलर लावायचा आणि फरशीवर आडवं व्हायचं. चंद्रपुरात मे महिन्यात दुसरं करण्यासारखं काही नसतंच. तसं पडल्यापडल्या मी पार तिकडे पोचायचे. पुरुषभर उंच पिवळं गवत, वाऱ्यानं सगळं एका अंगाला झुकलेलं. त्यातून जिराफ चाललेत, पाय दिसत नाहीत, नुसत्या माना तरंगतायत. डोळा लागला की त्यातला एखादा आमच्या गल्लीत शिरायचा आणि समोरच्यांच्या गच्चीवर वाळत घातलेले पापड हुंगून पुढे जायचा. जाग आली तरी बराच वेळ तो गेल्यासारखा वाटायचा नाही.

हे सगळं माझ्या धाकट्या भावामुळे. तो आधी गडचांदूरला सिमेंटच्या कामावर होता, आता आफ्रिकेत तेच काम करतो. त्याच्या गावापासून काही तासांवर एक खासगी जंगल आहे. तिथे राहायला तंबू, फिरायला उघडी गाडी, आणि गेटवर पहाटेपासून रांग लावायची भानगड नाही. त्याचं एकच म्हणणं होतं, “ताई, मायले घेऊन ये.”

आई नागभीडकडच्या आमच्या गावी राहते, उन्हाळ्यात माझ्याकडे येते. तिला मी जंगल खासगी असल्याचं सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपातच थांबला.

“जंगल? कोनाच्या मालकीचं?”

“हो, एका माणसाच्या.”

“मंग सातबारा असन त्याचा.” तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला. “पिकाच्या रकान्यात काय लिवत असन तलाठी? हत्ती?”

मी खो खो हसले. आई हसली नाही. तिला खरंच प्रश्न पडला होता. संध्याकाळी अंगणात पाणी मारताना तिनं पुन्हा विचारलं, त्या मालकाचे हत्ती शेजारच्याच्या जंगलात गेले तर भांडणं होत असतील का. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, “येतो मी.”

मला विश्वास बसेना. आई जंगलात जायची थांबली त्याला माझं अख्खं बालपण उलटून गेलं. तिची धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशी, मोहफुलं वेचताना वाघानं नेली. आई तेव्हा तिच्यासोबत होती. त्यानंतर मोहा वेचायला नाही, तेंदूपत्त्याला नाही, सरपणालाही नाही. गावच्या बायका मागच्या वाटेनं जंगलात जायच्या, आणि आई परक्याच्या घराकडे बघावं तशी दारातूनच तिकडे बघायची. या बाईनं पुन्हा एकदा झाडाखाली निवांत उभं राहावं, एवढंच मला हवं होतं. हत्ती-सिंह गेले खड्ड्यात. पण ती ऐनवेळी ‘नाई’ म्हणेल, ही धास्ती मला रोज होती.

मग त्या जंगलात पाहुण्यांच्या सहली आखणाऱ्या बाईंचा व्हिडिओ कॉल आला. भाऊ तिकडून त्याच कॉलवर होता, त्यांचं आम्हाला नि आमचं त्यांना समजावून सांगत होता. बाई मोठ्या गोड. त्यांनी आईला विचारलं, तुम्हाला कोणते प्राणी बघायला आवडतील?

आईनं पदर सारखा केला. “काईच नाई.”

“तरी पण?”

“काईच नाई म्हनलं ना. जे दिसन ते दिसन.”

भावानं ते जसंच्या तसं सांगून टाकलं. मीही आईच्या शेजारी बसून मान डोलावली. बाई याचा भलताच अर्थ घेतील, हे आमच्या डोक्यातच आलं नाही. आमच्याकडे जंगलाच्या तोंडाशी उभं राहून जनावराचं नाव घेत नाहीत. वाघाला तर नुसतं ‘तो’. नाव घेतलं की तो ऐकतो. त्यामुळे ‘काय बघायचंय’ याला ‘काहीच नाही’ हेच आमच्या गावातलं रीतसर उत्तर. ते आफ्रिकेतल्या बाईंना कसं कळावं?

त्यांनी पाठवलेला बेत वाचून मी कपाळावर हात मारला. सकाळी पक्षी. दुपारी विश्रांती. संध्याकाळी दगडांचे प्रकार. एक दिवस तंबूतच पायांना तेल लावून घेणं. हत्ती, सिंह, बिबट्या यांचे भाग टाळून गाडी नेण्याची खास काळजी घेतली जाईल, आईंनी निश्चिंत असावं. भावाला फोन केला तर तो हसून हसून बोलूच शकेना. “ताई, मायले आफ्रिकेत दगड दाखवाले आनून राह्यलो आपन!”

दुसरा कॉल लावला. बाहेर वावटळीनं गल्लीभर पळसाची पानं फिरत होती, खोलीत कूलरचा ओला वाळ्याचा वास, आणि मोबाइलमध्ये त्या बाईंच्या मागे एक मोठं झाड. सगळं स्वप्नात असल्यासारखं शांत होतं. आमची रीत भावानं त्यांना समजावली. त्या खूप वेळ “ओह, ओह” करत राहिल्या. मग म्हणाल्या, जनावरांचं नाव राहू द्या. आईंना इथे येऊन काय करायला आवडेल, ते सांगा.

आईनं मोबाइलजवळ तोंड नेलं. ती बाईंशी नाही, त्या मागच्या झाडाशी बोलतेय असं मला वाटलं.

“मले वाकाचं हाय,” ती म्हणाली.

भावाला कळलं नाही. मलाही नाही.

“झाडाखाली वाकून काई वेचाचं हाय. खाली पडलेलं. निवांत.”

भाऊ म्हणाला, “माय, इथी सिंह हायत. गाडीतून उतरू देत नाईत कोनाले.”

“असन ना. त्याचं-माझं काई वैर नाई.”

बाईंनी विचारलं, काय चाललंय. भावानं सांगितलं. त्यांनी मागे वळून त्या झाडाकडे बघितलं. हे मरुलाचं झाड, त्या म्हणाल्या. फेब्रुवारीत याची पिवळी फळं खाली पडतात, खूप पडतात. तेव्हा या. बंदुकवाले दोन वाटाडे देते, त्यांच्यासोबत पायी फिरता येतं.

आईनं विचारलं, “वास येते का त्याले?”

“येतो. पिकलं की लांबपर्यंत येतो.”

आईनं डोळे मिटले. पिकल्या फळाचा वास जणू इथे पोचला होता. आमचा बेत तिथेच फेब्रुवारीवर गेला. मोबाइल ठेवल्यावर मी आनंदानं काहीबाही बडबडत होते, गरम कपडे लागतील की नाही, तिला बूट घ्यावे लागतील. आई भिंतीला टेकून बसली होती.

“मोहा वेचाले दोघी जातेत,” ती मधेच म्हणाली. “एकीनं वाकाचं. दुसरीनं तिच्या मांगं उभं राहून जंगलाकडं पाह्यचं. मंग पाळी बदलाची. वाकलेलं मानूस त्याले जनावरावानी दिसते ना.”

मला हे माहीत होतं. आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असतं.

“त्या दिवशी माझी पाळी होती पाह्यची. रात्री वारा सुटला होता. खाली पाय ठेवाले जागा नाई इतका मोहा पडला होता. पिवळंधम्मक. म्या म्हनलं, ओंजळभर वेचून घेतो. अन् मी बी वाकली.”

इतक्या वर्षांत तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. बाबांनाही नाही. मी तिचा हात धरला. ती रडली नाही. माझ्याकडे रोखून बघत राहिली, लहानपणी जत्रेत नेताना, हात सोडू नको म्हणून बजावत बघायची तशी.

“ते बंदुकवाले राहू दे तिकडं,” ती म्हणाली. “माझ्या मांगं तू उभी राह्यजो. कितीबी फळं पडली असू दे. तू वाकू नोको.”