वॉटर पार्कच्या सुट्टीतल्या कुरडया

मंडळी, काल वॉटर पार्क, उद्या पुन्हा वॉटर पार्क. आजचा मधला दिवस आरामाचा. पुण्याहून नाशिकला आलेल्या माझ्या भाचीला, ओवीला, घरी कसं रमवायचं याचं मला टेन्शन.

सकाळी सासूबाईंनी गच्चीवर कुरडया घालायला घेतल्या. ओवीने आधी वाटीभर गरम चीक तूप-साखर घालून खाल्ला, मग सोऱ्या हातात घेतला. तिच्या कुरडया पार वेड्यावाकड्या, पण स्वारी खूश.

मग हळूच म्हणाली, "मामी, उद्या पण इथेच राहू? मला त्या उंच घसरगुंडीची भीती वाटते. तुला आवडतं म्हणून काल बोलले नाही."

मला? अहो, काल वर चढताना मीच घाबरून कठडा घट्ट धरला होता, आणि तिच्यासाठी हसत होते.

तुमच्याकडे आधी कोण खरं बोलतं?